पुढच्या हंगामाचं पीक आज विकावं का? ड्राफ्ट पिक देऊन क्वार्टरबॅक घेण्याचा हिशेब

एप्रिल जवळ आला की सांगलीहून माझ्या भाच्याचे मेसेज सुरू होतात. तो रात्र जागून अमेरिकन फुटबॉल बघतो. नियम त्याला बऱ्यापैकी कळतात, पण संघांचे आपसातले सौदे कळत नाहीत. मागे त्याने विचारलं, "मामा, रॅम्सने दोन फर्स्ट राउंड पिक दिले म्हणजे नक्की काय दिलं? ते खेळाडू आहेत कुठे?" आमचं बोलणं स्पीकरवर चालू होतं. शेजारी बसलेल्या भाऊजींच्या कानावर एवढंच पडलं की कुणीतरी दोन वर्षांचं पिक विकलं. त्यांनी विचारलं, "कुठलं पीक? ऊस का?"

भाऊजींचा प्रश्न ऐकला आणि मला समजावायची वाट सापडली. हा व्यवहार खरोखरच पिकासारखा आहे. शेतात अजून न उगवलेलं, किती येईल याचा पत्ता नसलेलं पुढच्या दोन हंगामांचं पीक आजच दुसऱ्याच्या नावावर करायचं आणि त्या बदल्यात आज कामाला येईल अशी वस्तू घरी आणायची. मी डेट्रॉईटपासून अर्ध्या तासावर राहतो. या शहराच्या संघाने गेल्या काही वर्षांतला असा सर्वांत गाजलेला सौदा केला, म्हणून तोच घेऊन सांगतो.

आधी खेळातलं थोडं

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी एका संघाचे ११ खेळाडू चेंडू पुढे नेतात आणि समोरचे ११ त्यांना अडवतात. दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. ते जमलं की पुन्हा चार. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे.

यात क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाला चेंडू ज्याच्या हातात येतो तो माणूस. चेंडू फेकायचा की पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, फेकायचा तर पाचांपैकी कुणाकडे, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. क्रिकेटमध्ये याला जोड नाही. विकेटकीपर प्रत्येक चेंडूला सज्ज असतो, पण सामन्याची दिशा तो प्रत्येक चेंडूला ठरवत नाही. क्वार्टरबॅक ठरवतो. म्हणून या एका जागेसाठी संघ जे मोजतात ते दुसऱ्या कुठल्याच जागेसाठी मोजत नाहीत.

पिक म्हणजे रांगेतला नंबर

एनएफएल ही ३२ संघांची लीग. कॉलेजातून येणारे खेळाडू इथे लिलावातून येत नाहीत, ड्राफ्टमधून येतात. ड्राफ्ट म्हणजे निवडीची रांग. दर वर्षी एप्रिलमध्ये संघ एकामागून एक एकेका तरुण खेळाडूचं नाव घेतात. असे सात फेरे होतात. ज्याचं नाव घेतलं तो त्या संघाचा, त्याच्याशी दुसऱ्या कुणी करार करायचा नाही.

रांगेचा क्रम उलटा असतो. आदल्या मोसमात जो सर्वांत वाईट खेळला तो पहिला, आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा फेरीत शेवटी, ३२ वा. पडलेल्याला उभं राहता यावं, हा हेतू.

या रांगेतला एक नंबर म्हणजे पिक. माणूस नव्हे, फक्त निवडण्याचा हक्क. भाच्याला हेच कळत नव्हतं. रॅम्सने २०२१ साली २०२२ आणि २०२३ चे पिक दिले तेव्हा त्या नंबरांवर येणारी मुलं कॉलेजात अभ्यास करत होती. ती कोण असतील, चांगली निघतील का, हे कुणालाही ठाऊक नव्हतं. इतकंच काय, तो नंबर रांगेत कितवा असेल हेसुद्धा ठाऊक नव्हतं, कारण तो रॅम्स कसे खेळतात यावर ठरणार होता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत तिच्यात आहे.

आयपीएल पाहणाऱ्यांना एक फरक आधीच सांगून ठेवतो. तिथे प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची पर्स मिळते आणि बोली लावून खेळाडू घेता येतो. इथे नव्या खेळाडूवर बोलीच नाही. पैसा कितीही असो, रांग मोडता येत नाही. रांगेत पुढे जायचं तर पुढच्या माणसाला त्याच्या जागेचं मोल द्यायचं, आणि ते मोल दुसऱ्या नंबरांच्या किंवा खेळाडूंच्या रूपात द्यायचं.

३० जानेवारी २०२१: कुणी काय दिलं

त्या दिवशी लॉस एंजेलिस रॅम्स आणि डेट्रॉईट लायन्स यांचं ठरलं. रॅम्सला मिळाला मॅथ्यू स्टॅफर्ड. लायन्सला मिळाले जॅरेड गॉफ, २०२१ चा तिसऱ्या फेरीचा पिक, आणि २०२२ व २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक.

दोघेही क्वार्टरबॅक, आणि दोघेही आपापल्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर निवडलेले. २००८ च्या मोसमात लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले होते, म्हणून २००९ चा पहिला नंबर त्यांचा, आणि त्या नंबरावर त्यांनी स्टॅफर्डला घेतलं. बारा वर्षं तो इथे खेळला. मोडक्या बोटांनी, दुखऱ्या पाठीने खेळला. मोसमानंतरच्या बाद फेरीत त्याचा संघ तीनदा पोचला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरला. या गावात त्याच्याबद्दल माया होती. माझ्या शेजारचे आजोबा गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्टॅफर्डचा ९ नंबरचा निळा शर्ट होता आणि मोसमात दर रविवारी तो अंगावर असायचा. सौद्याची बातमी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सुटला बिचारा." रागाचा एक शब्द नाही.

गॉफची गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये रॅम्सने त्याला मिळवण्यासाठी टेनेसी टायटन्सकडून पहिला नंबर घेतला होता. त्यासाठी त्या वर्षीचे चार आणि पुढच्या वर्षीचे दोन असे सहा पिक दिले आणि पहिल्या नंबराबरोबर खालच्या फेऱ्यांतले दोन परत घेतले. गॉफने त्यांना २०१९ च्या फेब्रुवारीत सुपर बोलपर्यंत नेलंही. तिथे ते न्यू इंग्लंडकडून १३-३ असे हरले. पुढची दोन वर्षं त्याचा खेळ घसरला आणि प्रशिक्षक शॉन मॅकव्हे याचा त्याच्यावरचा भरवसा उडाला. ज्याच्यासाठी पिक दिले त्याला बाहेर पाठवण्यासाठी पुन्हा पिक द्यायची वेळ आली.

पाठवण्यासाठी पिक? हे कसं?

सौद्याचा हा भाग सर्वांत कमी समजून घेतला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

एनएफएलमध्ये १९९४ पासून पगाराची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला एक ठरावीक रक्कमच खर्ची टाकता येते. २०२१ साठी ती १८.२५ कोटी डॉलर होती, करोनामुळे आदल्या वर्षापेक्षा कमी झालेली. मालक कितीही गडगंज असो, त्याला तेवढ्यातच भागवावं लागतं.

रॅम्सने २०१९ च्या सप्टेंबरात गॉफचा करार चार वर्षांसाठी वाढवला होता, १३.४ कोटी डॉलरचा, त्यातले ११ कोटी हमीचे. असे करार करताना संघ खेळाडूला मोठी रक्कम आधीच हातात देतात, पण वहीत ती कराराच्या वर्षांवर वाटून दाखवतात. किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. त्याने मोठा फ्रीज रोखीने घेतला आणि खर्च मात्र पाच वर्षांत वाटून लिहिला. दोन वर्षांनी फ्रीज विकून टाकला तर उरलेल्या तीन वर्षांचा खर्च जातो कुठे? कुठेच नाही, तो वहीत येऊन बसतोच. फ्रीज दुसऱ्याच्या दुकानात थंडावा देतोय आणि खर्च आपल्या खतावणीत. या न फिटलेल्या खर्चाला इथे 'डेड मनी' म्हणतात. गॉफ गेल्यावर रॅम्सच्या वहीत असे २.२२ कोटी डॉलर राहिले, म्हणजे त्या वर्षीच्या मर्यादेच्या सुमारे १२ टक्के. एवढी रक्कम संघात नसलेल्या माणसावर.

आणि गॉफचा पुढचा पगार? तो लायन्सने अंगावर घेतला. म्हणून माझं मत असं की दोन पहिल्या फेरीचे पिक ही नुसती स्टॅफर्डची किंमत नव्हती. तिच्यातला एक वाटा 'आमच्या डोक्यावरचं हे ओझं तुम्ही उचला' याचा मोबदला होता. "एका क्वार्टरबॅकसाठी एवढं?" म्हणून तेव्हा जो गहजब झाला, त्यात हा वाटा कुणी वेगळा काढून पाहिला नाही.

न उगवलेल्या पिकाचा भाव कसा काढतात

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉयज संघात, जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना, एक तक्ता तयार झाला. प्रत्येक नंबराला गुण. पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०, आणि सातव्या फेरीच्या टोकाला अगदी चिल्लर. समोरचा जे देतोय त्याची बेरीज करायची, आपण जे देतोय त्याची करायची, आणि ताडून पाहायची. बाजारसमितीतल्या दरफलकासारखं. आता प्रत्येक संघाने आपापला सुधारलेला तक्ता केलाय, पण बोलणी करण्याची रीत तीच आहे.

पुढच्या वर्षीच्या पिकाचं काय? व्यवहारात धरतात असं की पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक म्हणजे या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा. एक वर्ष थांबायचं तर एक फेरी खाली.

आपल्याकडच्या भिशीत हेच होतं. काही भिश्यांत चिठ्ठी न काढता बोली लावतात. ज्याच्या घरी लग्न निघालंय त्याला आजच पैसे हवेत, म्हणून तो कमी रक्कम पत्करून भिशी आधी उचलतो. ज्याला घाई नाही तो थांबतो आणि त्या कमी घेतलेल्या पैशांतला वाटा त्याच्या पदरात पडतो. दोघांपैकी फसलेला कुणीच नाही, एकाची घाई खरी आहे आणि दुसऱ्याची सवड खरी आहे.

२०२१ मध्ये रॅम्सच्या घरी लग्न निघालं होतं. संघ तयार होता. ॲरन डोनाल्ड बचावफळीत होता आणि त्या काळात त्याच्या तोडीचा खेळाडू लीगमध्ये शोधूनही मिळाला नसता. वय मात्र थांबत नव्हतं. लायन्सला घाई असायचं कारणच नव्हतं. नवा व्यवस्थापक, नवा प्रशिक्षक, आणि घर पायापासून बांधायचं. त्या मोसमात ते १७ पैकी फक्त तीन सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला.

आणि तो नवा व्यवस्थापक ब्रॅड होम्स कुठून आला होता? रॅम्समधूनच. तिथे तो कॉलेजातल्या खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. २०१६ मध्ये गॉफला निवडलं तेव्हाही तो तिथेच होता. बाहेरच्यांना गॉफ म्हणजे सौद्याबरोबर गळ्यात आलेलं लोढणं वाटत होतं. होम्सने तो माणूस वर्षानुवर्षं जवळून पाहिला होता.

"एवढे पिक देण्यापेक्षा ड्राफ्टमधूनच तरुण क्वार्टरबॅक का घेत नाहीत?"

हा आक्षेप अगदी रास्त आहे. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा चार वर्षांचा पगार ठरलेल्या पायरीनुसार असतो आणि नावाजलेल्या खेळाडूच्या मानाने तो फार कमी. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सुपर बोल खेळला, आणि त्या मोसमाचा त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. त्याच सुमाराला नावाजलेले क्वार्टरबॅक वर्षाला चार-पाच कोटी डॉलर घेत होते. वाचलेल्या पैशात बाकीचा संघ भक्कम करता येतो. इतिहासातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तर २००० साली १९९ वा निवडला गेला होता.

पण या दोन नावांवर भरवसा ठेवून संघ चालवता येत नाही. ज्या वर्षी स्टॅफर्डचा सौदा झाला त्याच वर्षीचा, २०२१ चा, ड्राफ्ट पाहा. पहिल्या पंधरा नंबरांत पाच क्वार्टरबॅक गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स, मॅक जोन्स. ट्रे लान्सचा तिसरा नंबर मिळवण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले, त्यावर तिसऱ्या फेरीचा एक. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत या पाचांपैकी चौघांना त्यांच्या संघांनी दुसरीकडे धाडलं होतं. उरला एकटा लॉरेन्स. आणि सॅन फ्रान्सिस्कोला शेवटी क्वार्टरबॅक सापडला तो २६२ व्या नंबरावर.

पारखणारे लोक आळशी आहेत म्हणून असं होत नाही. कॉलेजातला खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत वेगाचा इतका फरक आहे की मुलगा त्या दोन-तीन सेकंदांत काय करील हे तो तिथे उभा राहीपर्यंत कळत नाही. स्टॅफर्डचं तसं नव्हतं. बारा वर्षांचे सामने डोळ्यांसमोर होते. रॅम्सने पिक देऊन खात्री विकत घेतली.

"म्हणजे रॅम्सने भविष्य विकून खाल्लं?"

खाल्लं, पण पोटभर. १३ फेब्रुवारी २०२२, सोफाय स्टेडियम, रॅम्सचं स्वतःचं मैदान. सिनसिनाटी बेंगल्स २०-१६ ने पुढे. सहा मिनिटं उरली असताना स्टॅफर्डच्या हातात चेंडू आला आणि समोर होते ७९ यार्ड. १५ खेळींत त्याने ते कापले. त्यातला एक फेक मी कितीतरी वेळा पुन्हा पाहिलाय. तो एका बाजूला बघतोय, त्या नजरेमागे बचावपटू एक पाऊल सरकतो, आणि चेंडू जातो भलतीकडे, मधोमध, कूपर कपच्या हातात. २२ यार्ड. गॉफला कमी लेखायचं नाही, पण नेमक्या या एका गोष्टीसाठी रॅम्सने दोन हंगाम विकले होते. सामना संपायला १ मिनिट २५ सेकंद असताना कपनेच शेवटचा टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला. २३-२०.

आता पिकांची गंमत. रॅम्स जिंकल्यामुळे २०२२ चा त्यांचा पहिल्या फेरीचा पिक रांगेत शेवटी गेला, ३२ वा. लायन्सच्या हाती आलं ते असं, फेरीतलं सर्वांत हलकं. पुढच्याच मोसमात स्टॅफर्ड, कप, डोनाल्ड सगळे दुखापतींनी बसले आणि रॅम्स १७ पैकी १२ सामने हरले. विजेत्या संघाचा पुढच्या वर्षी इतका पाडाव कधी झाला नव्हता. त्यामुळे २०२३ चा पिक सहावा झाला. कागदावर दोन्ही पिक सारखेच लिहिलेले, 'पहिली फेरी'. एका हंगामात निघाली पेंढी, दुसऱ्यात सोनं. आणि पाऊस कसा पडेल हे विकणाऱ्याच्याच खेळावर ठरलं: जिंकला तर त्याला सौदा स्वस्त, हरला तर महाग.

रॅम्स त्यानंतरही उपाशी मेले नाहीत, हेही सांगायला हवं. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. पण खालच्या फेऱ्यांवर त्यांची मेहनत अफाट. कप हा तिसऱ्या फेरीतला. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ व्या नंबरावर त्यांनी पुका नाकुआ उचलला आणि पहिल्याच मोसमात त्याने १,४८६ यार्ड मिळवून नवोदितांचा विक्रम केला. मोठं रान विकलं तरी परसातला वाफा नीट राखला, असं त्यांचं झालं.

"मग सगळ्यांनीच असं करावं की!"

करतात, आणि पोळतात. २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने सिएटलकडून रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक घेतला. दिले काय? पहिल्या फेरीचे दोन पिक, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्याचा एक आणि तीन खेळाडू. मिळाला विल्सन आणि चौथ्या फेरीचा एक पिक. तो तिथे एक सामना खेळायच्या आधीच त्याचा करार पाच वर्षांनी, २४.५ कोटी डॉलरने वाढवला. पहिल्या मोसमात संघ १२ सामने हरला, म्हणजे सिएटलला दिलेला पुढच्या वर्षीचा पिक थेट पाचवा झाला. दोन मोसमांनी विल्सनला सोडलं आणि वहीत ८.५ कोटी डॉलर डेड मनी राहिले. रॅम्स आणि डेन्व्हर यांचा व्यवहार कागदावर जवळजवळ एकच होता. फरक असा की रॅम्सचं घर बांधून तयार होतं, फक्त कळस बसवायचा होता. डेन्व्हरने भिंती उभ्या नसताना कळस आणला.

याहून कडक उदाहरण कॅरोलायना पँथर्सचं. २०२३ मध्ये त्यांनी शिकागो बेअर्सकडून पहिला नंबर घेतला आणि ब्राइस यंग या क्वार्टरबॅकला निवडलं. त्यासाठी आपला नववा आणि एकसष्टावा नंबर दिला, डी. जे. मूर हा आपला चांगला खेळाडू दिला, शिवाय २०२५ चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि २०२४ चा पहिल्या फेरीचा. मग त्या मोसमात ते १७ पैकी फक्त दोन सामने जिंकले. लीगमध्ये सर्वांत वाईट. म्हणजे २०२४ चा पहिला नंबर त्यांचा असायला हवा होता, पण तो आधीच विकलेला.

तो ड्राफ्ट एप्रिल २०२४ मध्ये डेट्रॉईटमध्येच झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक आले, ड्राफ्टच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. मीही त्या गर्दीत, कँपस मार्शियस चौकाच्या कडेला उभा होतो. मोठ्या पडद्यावर शिकागोचं चिन्ह आलं, केलेब विल्यम्स हे नाव पुकारलं गेलं, आणि मला कॅरोलायनाच्या कुण्या चाहत्याचा विचार आला. वर्षभर त्याने पराभव सोसले, आणि त्या पराभवांचं एकमेव फळ दुसऱ्याच्या ताटात पडलं. शेत कॅरोलायनाचं, वर्षभराचे हाल कॅरोलायनाचे, खळं मात्र शिकागोच्या दारात.

"आणि लायन्स? त्यांच्या हाती काय लागलं?"

लायन्सने पिक नुसते वापरले नाहीत, ते मोडून त्यांची नाणी केली. ३२ वा पिक त्यांनी इतर पिकांबरोबर मिनेसोटाला दिला आणि बारावा घेतला, त्यावर जेमसन विल्यम्सला निवडलं. सहावा पिक, त्याबरोबर ८१ वा, ॲरिझोनाला दिला आणि बदल्यात बारावा, ३४ वा आणि १६८ वा घेतला. बाराव्यावर जहमीर गिब्स, चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा. एक मोठी नोट दिली आणि दोन कामाच्या नोटा आणल्या.

पण लायन्सच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची वस्तू यादीत सगळ्यांत दुय्यम धरलेली होती: गॉफ. त्याला पुढे चांगली आघाडीची फळी मिळाली, विश्वास मिळाला, आणि तो उभा राहिला. तरुण क्वार्टरबॅक घ्या, याला काढा, असं पहिल्या दोन वर्षांत इथले कितीतरी लोक म्हणत होते. त्यांत मीही होतो, आणि मी चुकलो होतो. मे २०२४ मध्ये लायन्सने त्याच्याशी चार वर्षांचा २१.२ कोटी डॉलरचा करार केला.

त्याआधी १४ जानेवारी २०२४ ची रात्र आली. बाद फेरीचा पहिला सामना, डेट्रॉईटच्या फोर्ड फील्डवर. हे मैदान २००२ मध्ये उघडलं आणि तिथे बाद फेरीचा सामना तोवर कधी झाला नव्हता. समोर कोण? रॅम्स, आणि स्टॅफर्ड. लायन्स बाद फेरीतला सामना शेवटचा जिंकले होते ते १९९२ च्या जानेवारीत.

आम्ही आठ-दहा जण माझ्या तळघरात जमलो होतो. बायकोने साबुदाण्याची खिचडी केली होती, दुसऱ्या दिवशी संक्रांत म्हणून तिळाचे लाडू तयारच होते. शेजारचे आजोबा-आजी आले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आजोबांच्या अंगावर जाड स्वेटर, खाली काय ते दिसत नव्हतं. टीव्हीवर स्टॅफर्ड मैदानात आला आणि हजारो लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच लोकांनी, ज्यांनी त्याला बारा वर्षं डोक्यावर घेतलं होतं. आजोबा मान खाली घालून लाडू मोडत राहिले. मग मैदान एका सुरात ओरडायला लागलं, "जॅ-रेड गॉफ! जॅ-रेड गॉफ!"

लायन्सचा दुसरा टचडाउन गिब्सने केला. तिसरा लापोर्टाने, दुखऱ्या गुडघ्याने खेळत. दोघेही त्या सहाव्या पिकातून आलेले, म्हणजे रॅम्सच्याच शेतातलं बियाणं रॅम्ससमोर उभं राहिलं होतं. स्टॅफर्डने ३६७ यार्ड फेकले, नाकुआला एक ५० यार्डांचा, आणि तो डेट्रॉईटमध्ये खेळायचा तसाच खेळला, शेवटपर्यंत सामना सोडला नाही. लायन्स एका गुणाने जिंकले, २४-२३. शेवटी वेळ संपवण्यासाठी हवा होता तो ११ यार्डांचा फेक गॉफनेच टाकला.

तळघरात आरडाओरडा चालला होता, कुणी रडत होतं. घरात उकडायला लागलं म्हणून आजोबांनी स्वेटर काढला. आत स्टॅफर्डचा तोच ९ नंबरचा शर्ट होता, लायन्सच्या निळ्या रंगातला. ते गॉफचं नाव घेऊन ओरडत होते.